पायाच्या चरातला बेडूक

समस्त जनांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, काल आमची गुलाबाची कुंडी उकरताना तीतून एक बेडूक निघाला! त्या उकरलेल्या मातीच्या वासाने मी थेट पन्नासच्या दशकातल्या पिंपरीत जाऊन पोहोचलो.

कारखान्याचा पाया खणताना कोरड्या मातीत एक गोलमटोल बेडूक सापडला होता. ती खबर लागताच आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या बाई मला घेऊन धावत आल्या. उन्हाळ्यात हा जीव जमिनीत शिरतो कसा, हे पाहिल्याशिवाय त्यांचा प्रबंध पुरा होणार नव्हता.

"च्या संपेस्तोवर काय ते बघा, बाई," गड्यांना चहाचे पेले वाटत मुकादम म्हणाला. "मग माझं गडी थांबायचं न्हाईत."

बाईंनी बेडकावर पाणी शिंपडून त्याला शेजारच्या भुसभुशीत मातीवर ठेवलं. तो नुसता फुगून बसला. पेले रिकामे होत आले, बाईंचा चेहरा उतरला. आणि अचानक स्वारीचे मागचे पाय फावड्यासारखे चालू लागले! समोर बघत, ऐटीत बसल्या बसल्या तो मागच्या मागे मातीत उतरला. शेवटी दोन डोळेच उरले. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून तेव्हा मला हसू आलं होतं. आज वाटतं, इतका देखणा नाच मी पुन्हा पाहिला नाही.

मुकादम मात्र कंबर धरून ओरडला, "अरारा! ह्यो बसून खणतोय, आन् आमी जल्मभर वाकून मरतोय व्हय!"