ती रडली नव्हती

आमच्या घरात एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते. माझी थोरली मुलगी पाच वर्षांची असताना मी तिला गाण्याच्या बैठकीला नेलं, आणि तबल्यावर पहिली थाप पडताच तिने असं भोकाड पसरलं की गाणाऱ्या बाईंना गाणं थांबवावं लागलं. बारसं असो, मुंज असो, चार माणसं जमली की ही गोष्ट निघते. नातवंडं हसतात, मुलगीही हसते. "तेव्हापासून गाण्याचं आणि माझं वाकडंच," असं ती स्वतःच म्हणते.

ही गोष्ट माझी आहे. ती रडली नव्हती.

त्या वेळी मी लोणावळ्याला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होतो. बायको बाळंतपणासाठी माहेरी, इंदुरीला गेली होती. मुलगी तिथे आजारी पडली म्हणून सासऱ्यांनी तिला माझ्याकडे आणून सोडलं होतं. दिवसा शेजारच्या काकू तिला सांभाळत. मुंबईच्या एका शेटजींचा भुशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर बंगला होता. ते उन्हाळ्यात हवा खायला येत आणि एखादं गाणं ठेवत. त्या वर्षी पुण्याहून एक बाई गायला येणार होत्या. शेटजींचा माल आमच्याकडून सुटत असल्यामुळे आमच्या हेडक्लार्कना आमंत्रण होतं, आणि त्यांच्यामागून आम्हा दोघा-तिघांना. त्या दिवशी काकूंकडे पाहुणे होते. मग मुलीला परकर-पोलकं घालून बरोबर नेलं. तिला गाणं ऐकवावं असा काही माझा विचार नव्हता.

बैठक चार-पाच वाजताच सुरू झाली. दिवाणखान्यात जाजम, मागे लोड, एका बाजूला चिकाचा पडदा आणि त्याच्यापलीकडे बायका. मुलीला पडद्यामागे पाठवायला हवं होतं, पण ती माझं बोट सोडेना. म्हणून ती माझ्याजवळ बसली, पुरुषांत, सगळ्यांत पुढे. तबला वाजायला लागला तेव्हा ती दचकलीसुद्धा नाही. तोंड किंचित उघडं ठेवून ती बाईंच्या मागच्या तंबोऱ्याकडे बघत होती. तो वाजवणारी बाईंची भाची असावी.

बाई चाळिशीच्या, अंगाने स्थूल, आवाज जड. पहिली चीज संपल्यावर सगळे पानाच्या तबकाकडे वळले, तेव्हा त्यांचं मुलीकडे लक्ष गेलं.

"इकडे ये बाळ. लांबून काय बघतेस?"

मला वाटलं ही लाजेल. ती सरळ उठून गेली.

"हात लावू?"

"लाव की. चावतोय थोडाच!"

त्यांनी भाचीकडून तंबोरा घेऊन जाजमावर आडवा ठेवला आणि मुलीचा हात धरून दाखवलं. पहिली तार मधल्या बोटाने, मग उरलेल्या तीन शेजारच्या बोटाने. "घाई नाही करायची. गाडी सुटत नाहीये," बाई म्हणाल्या, आणि आम्ही रेल्वेची माणसं हसलो. मुलगी हसली नाही. ती तारा छेडत राहिली. बाईंनी सूर लावला, थोडा वेळ धरला आणि पाणी प्यायला थांबल्या. सूर मात्र थांबला नाही. मुलगी गुणगुणत होती. बाईंच्या सुराच्या एक सप्तक वर, पण बरोबर त्याच जागी. मला गाण्यातलं फार कळत नाही, तरी एवढं कळलं. बाईंनी फुलपात्र खाली ठेवलं आणि तबलजीला हाताने गप्प राहायला सांगितलं. सगळा दिवाणखाना तिच्याकडे वळला.

"कुणाची हो ही?" बाईंनी विचारलं.

मी बोलायच्या आत हेडक्लार्क बोलले. "आमच्याच कचेरीतलं रत्न आहे, बाई. काय हो, तुम्ही धक्क्यावर पावत्या फाडा आणि लेकीला बैठकीला बसवा. चांगला जोडधंदा काढलात!"

सगळे हसले. पडद्यामागेही कुणीतरी हसलं. हेडक्लार्क वाईट माणूस नव्हते. ते प्रत्येकालाच काही ना काही बोलत, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना हे आठवतही नव्हतं. पण बैठकीत गाणाऱ्या बाईच्या मागे चांगल्या घरची मुलगी तंबोरा घेऊन बसणं म्हणजे काय, हे त्या काळी कुणाला समजावून सांगावं लागत नसे. माझे कान तापले. मी उठलो.

"तिला ताप आहे. घरी नेतो."

बाईंनी मुलीच्या मानेला हात लावून पाहिला. "ताप नाही हो," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मुलीची बोटं त्यांनी स्वतःच तारेवरून बाजूला केली. "जा बाळ," म्हणाल्या. मुलगी माझ्याबरोबर निमूट निघाली.

फाटकाशी शेटजींचा माळी बसला होता. भुशीचाच, म्हातारा.

"का वो भाऊ, लगीच निगालासा? आत्ता कुटं रंगाया लागलंय."

मी फाटकाची कडी काढू लागलो.

"पोर रडली जनू?"

"हो, रडली."

"मी नाही रडले," मुलगी म्हणाली.

"असूं दे गं बाय. ल्हानपनीच रडून घ्यावं. म्हातारपनी रडलं तर कोन इचारतंय?"

तो आपल्याच बोलण्यावर हसत राहिला. अशी मला ही गोष्ट आयती मिळाली. घरी आल्यावर काकूंना तीच सांगितली. मुलगी म्हणाली, "मी नाही रडले." महिन्याभराने इंदुरीला गेलो, तेव्हा ती धावत आईकडे गेली. "आई, मी तंबोरा वाजवला!" मी म्हणालो, "कसला वाजवतेय! रडून नुसता गोंधळ घातला हिने. गाणं थांबवावं लागलं." बायको हसली. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. आईने खरं काय ते विचारावं म्हणून ती थांबली होती, असं आता वाटतं. कुणी विचारलं नाही. त्यानंतर तिने "मी नाही रडले" म्हटल्याचं मला आठवत नाही.

पुढे माझी बदली तळेगावला झाली. तिथे एका मास्तरांची बायको मुलींना पेटीवर गाणी शिकवायची. माझ्या बायकोच्या मनात मुलीला पाठवायचं होतं. तोवर काळही थोडा बदलला होता, चांगल्या घरच्या मुली शिकू लागल्या होत्या. मी नाही म्हणालो नसतो. पण मुलगीच म्हणाली, "मला नको. मी रडेन." मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होतो. तेव्हा एक वाक्य बोलायला हवं होतं. मी पान उलटलं.

गेल्या महिन्यात मुलगी आठ दिवस राहायला आली होती. दुपारी ती शेंगा सोलत बसली असताना मी सगळं सांगितलं. हेडक्लार्क, ताप, माळी, काही गाळलं नाही. ती सोलणं न थांबवता ऐकत होती.

"नाही हो अण्णा," ती म्हणाली. "रडले होते मी. मला चांगलं आठवतंय. तुमच्या उपरण्याला नाक पुसलं होतं."

मी आयुष्यात कधी उपरणं घेतलेलं नाही. तसं म्हणालो, तर ती हसली. "मग कोट असेल."

"तू तंबोरा वाजवलास. सूर धरला होतास. त्या बाई गायच्या थांबल्या त्या तुझ्यामुळे, पण रडण्याने नव्हे."

"मी? काहीतरीच!" तिला खरोखर गंमत वाटली होती. "अण्णा, असं काही झालं असतं तर माझ्या लक्षात राहिलं नसतं का?"

त्या बैठकीतलं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, आणि इतकी वर्षं तिला उलटं सांगणारा मीच. तिने माझ्यावर विश्वास ठेवला तो मी खोटं सांगत होतो तेव्हाच. टरफलं सुपात भरून ती आत गेली.