एकसष्ट वेळा उंच तळाचे बूट

ऑफिसात तिला सगळे मोजणीबाई म्हणत. नाव ठेवलं तिच्याच साहेबांनी, आणि त्यात थट्टा थोडी, कौतुक जास्त. दुकानांच्या आणि दवाखान्यांच्या वेबसाइटवरचा मजकूर लिहिणं हे तिचं काम. लोक सर्चमध्ये जो शब्द टाकून शोधतात तो कीवर्ड, आणि तो शंभर शब्दांत बरोब्बर तीनदा यायला हवा, असं तिला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगितलं होतं. तिनं ते असं काही मनावर घेतलं, की छापलेल्या कागदावर पेन्सिलीनं टिंबं देत ती शब्द मोजत बसायची. नवऱ्यानं घरी चिठ्ठी ठेवली तरी ‘दूध’ किती वेळा आलंय ते तिला आधी दिसायचं. तो बिचारा म्हणे, "अगं बाई, दूध आण आधी. मोज मग सावकाश."

आता ही बाई चालायची कशी, तेही सांगायला हवं. डावा पाय उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड, जन्मापासूनच. सोळाव्या वर्षापर्यंत ती भिंतीच्या कडेकडेनं, मान खाली घालून चालली. मग तिच्या आईनं बूटवाल्या काकांचा पत्ता शोधून काढला. पुलाखालच्या गल्लीत, चावीवाल्याला लागून, काकांची एक खोली होती. काकांनी तिला पुठ्ठ्यावर उभं केलं, पायाभोवती पेन्सिल फिरवली आणि म्हणाले, "पोरी, पायात खोट नाही काही. डावीकडची जमीन जरा कमी पडतेय, तेवढी आपण भरून काढू." बाराव्या दिवशी नवे बूट घालून ती गल्लीच्या अगदी मधोमध चालत निघाली. आई मागून ओरडतेय, "अगं, गाडी येईल, कडेला हो!" आणि ही आपली हसतेय.

ते उपकार ती कशी विसरेल? पुढे वीस वर्षं तिचा प्रत्येक जोड काकांनीच शिवला. म्हणून काकांच्या दुकानाचं पान तिनं हट्टानं स्वतः लिहिलं. काकांचे हात कायम गोंदानं भरलेले, ते फोन उचलणार कसे? म्हणून पानावर नंबरही स्वतःचा टाकला. कीवर्ड ठरला, ‘उंच तळाचे बूट’. शंभरात तीनचा नियम खरा, पण हे काका! तिथे तिला हात आखडता घेववेना. तीनाचे पाच झाले, पाचाचे सात.

सुरुवातीला पान वर चढलं, चार नवी माणसं आली. मग ते घसरलं. हिनं शब्द वाढवले. आणखी घसरलं. मग हिनं पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत तेच शब्द ठासून भरले. माणसांना दिसणार नाहीत, सर्चच्या यंत्राला तेवढे दिसतील, अशी हुशारी. कसली हुशारी अन् कसलं काय! पान असं गुडुप झालं की काकांच्या दुकानाचं नाव टाकलं तरी सापडेना.

नवं माणूस येईनासं झालं. एक दिवस ती टाच बदलायला गेली, तर दारावर पुठ्ठ्याची पाटी: ‘खोली भाड्यानं देणे आहे’. ती तशीच आत शिरली.

"महिनाअखेर सोडतोय गं," काका म्हणाले. "लोक आता तयार बूट घेतात. तू कशाला तोंड पाडतेस? तू तर माझ्यासाठी एवढं केलंस."

ते ‘एवढं केलंस’ तिला चांगलंच झोंबलं.

त्याच आठवड्यात ऑफिसात असताना एका बाईचा फोन आला. आवाज खणखणीत.

"बुटांचं दुकान ना? आईकडून व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरांनी तुमची लिंक पाठवली. मला दिसत नाही, फोन मला पान वाचून दाखवतो. तुमचं पान मी शेवटपर्यंत ऐकलं."

"अरे वा," मोजणीबाई म्हणाली.

"वा कसलं! ‘उंच तळाचे बूट’ एकसष्ट वेळा. मी बोटांवर मोजले. शेवटी शेवटी तर नुसतं तेच, फोनच बिघडला म्हणून मी दोनदा बंद करून पाहिला. आई शेजारी बसली होती, ती तर ऐकता ऐकता घोरायला लागली."

पांढऱ्यावरची पांढरी अक्षरं! डोळ्यांना दिसत नव्हती, फोननं मात्र इमानेइतबारे वाचली होती. मोजणीबाईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"राग मानू नका हं," फोनवाली म्हणाली, "पण मला हवं ते एकदाही आलं नाही. आईचा पाय सुजतो, माप द्यायला कधी यायचं? पायऱ्या आहेत का? बसायला खुर्ची मिळेल?"

"संध्याकाळी या," ती भडाभडा बोलून गेली. "सूज तेव्हा पूर्ण चढलेली असते, त्या मापाचा बूट मग चावत नाही. पायरी एकच. खुर्चीला हात आहेत, काका स्वतः धरून बसवतात."

"बघा! सगळं तर ठाऊक आहे तुम्हाला. मग हेच लिहा की!"

ती तडक साहेबांकडे गेली आणि घडलं ते सगळं सांगून टाकलं. साहेबांनी कपाळावर हात मारला. "लपवलेली अक्षरं म्हणजे सर्चवाले सरळ लबाडी धरतात, पानच काढून टाकतात. आधी काढ ती, आणि पान पुन्हा तपासा म्हणून अर्ज कर. आणि हे शंभरात तीन तुला सांगितलं कुणी? असा ठरलेला आकडा कुठेच नाही. शब्द यायला हवा, पण वाचणाऱ्याचं काम होईल इतपत."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू इतकं मन लावून मोजायचीस, मला वाटलं तुला आवडतं!"

तिनं रजा टाकली आणि तीन दिवस काकांच्या खोलीत बसली. जुनी गिऱ्हाइकं येत, त्यांचे प्रश्न लिहून घेतले. जोड भिजला तर काय करायचं? घरात घालायला हलका मिळेल का? मग पान नव्यानं लिहिलं. कीवर्ड जिथे आपणहून आला तिथे आला. टिंबं द्यायला हात शिवशिवला, तेव्हा तिनं पेन्सिल पर्समध्ये टाकली आणि चेन लावली. शेवटी गल्लीच्या मधोमध चाललेल्या मुलीची गोष्टही लिहिली. नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो चहा विसरून ऐकत बसला, हेच मोठं नवल.

दोन आठवडे काही हललं नाही. तिसऱ्यात एक फोन आला, मग आणखी दोन, पान सर्चमध्ये दिसलं म्हणून. काका म्हणाले, "बरं झालं, जाता जाता हात चालू राहिले." पाटी होती तिथेच होती.

महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी दारात दोघी आल्या. पांढरी काठी घेतलेली फोनवाली, आणि तिच्या दंडाला धरून, एका बाजूला झुकत चालणारी तिची आई.

"नवं पान ऐकलं," फोनवाली म्हणाली. "ह्या वेळी आई जागी होती."

"जागी? मी दोनदा लावायला लावलं," असं म्हणत त्या आजी सरळ काकांकडे वळल्या. "त्या मुलीसारखं मला चालायचंय. मधोमध. सत्तर वर्षं भिंत धरून झाली."

काकांनी खुर्ची पुढे ओढली, आजींना बसवलं आणि पुठ्ठा शोधू लागले. दुकान बंदच करायचं म्हणून त्यांनी महिनाभर पुठ्ठ्यासाठी खोकी मागून आणली नव्हती, उरलेला शेवटचा पुठ्ठा मागच्या गिऱ्हाइकाला लागला होता. कपाटाखाली नाही, माळ्यावर नाही. काका कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मग दारापाशी गेले, पाटी काढली आणि अक्षरांची बाजू खाली करून आजींच्या पायापाशी ठेवली.

"अहो काका, पाटी!" मोजणीबाई ओरडलीच.

"मालकाला सांगतो मी. गिऱ्हाइकाचं माप घेतल्यावर खोली कशी सोडता येईल?" ते गुडघ्यांवर बसले. "पेन्सिल आहे का गं तुझ्याकडे?"

तिनं चेन उघडून पेन्सिल दिली, आणि फोनवालीचा हात घट्ट धरला. म्हणाली, "बरं झालं तुम्ही मोजलंत."