हेडसेटचं दुकान आणि लोकांचे कान

ड्रॉवरमध्ये वायरी नीट गुंडाळून ठेवल्या, तरी उघडताना त्यांचा गुंता झालेलाच असतो. दुकानातल्या किश्शांचंही तसंच आहे. कोण आधी आलं, कोण नंतर, मला आता सांगता येत नाही. हाताला जे टोक लागेल ते ओढते.

महाडच्या बाजारपेठेत माझं मोबाइल ॲक्सेसरीजचं छोटं दुकान आहे. हेडसेट जास्त खपतात. एमआयडीसीतली मुलं शिफ्टवरून सुटली की गेम खेळतात, त्यांना ते लागतात. मी स्वतःही खेळते. त्यामुळे कुठला हेडसेट दोन तास घातला तर कानाची पाळी दुखते, कुठल्याचा माइक घशात पाणी गेल्यासारखा बोलतो, हे मी वापरून सांगू शकते. पण ऐकतो कोण?

माझा दीर मंगेश दुकानात रिचार्ज करतो आणि कव्हरं विकतो. गेममधलं त्याला ओ की ठो कळत नाही. एकदा एक गिऱ्हाईक आलं. मी विचारलं, "काय दाखवू?" तर माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणतं, "दादा नाहीत का?"

मंगेश मागच्या खोलीत डबा खात होता. तसाच उष्ट्या हाताने बाहेर आला.

"दादा, गेमिंगला कुठला चांगला?"

मंगेशने भिंतीवरचे सगळे हेडसेट एकदा न्याहाळले आणि म्हणाला, "काळा."

"बघा," गिऱ्हाईक मला म्हणालं, "मी पण तेच म्हणत होतो."

*

दिव्यांचे हेडसेट हा माझ्या संतापाचा दुसरा विषय. कानावर लाल-निळे दिवे लुकलुकणारे. वजन जास्त, चार्जिंग लवकर संपतं, आणि दिव्याजवळचा सांधा सगळ्यात आधी तडकतो. हे सगळं मी एका गृहस्थांना समजावून सांगितलं. मग विचारलं, "डोक्यावर घातल्यावर हे दिवे तुम्हाला दिसणार आहेत का?"

"मला नाही, समोरच्याला दिसतील."

"खेळताना समोर कोण असतं?"

त्यांनी थोडा विचार केला. "भिंत," म्हणाले, आणि तोच घेऊन गेले.

*

पोलादपूरच्या एक बाई तणतणत आल्या. त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या कानामागे, गालांवर काळे काळे कण दिसायला लागले होते. चोळले की निघायचे, दुसऱ्या दिवशी परत. घरात सगळ्यांची झोप उडाली. सासूबाईंनी दृष्ट काढली. त्वचेच्या डॉक्टरांनी मलम दिलं. मलम लावून मुलगा हेडसेट घालून बसला, तर कण दुप्पट झाले.

तो हेडसेट बाईंनी पिशवीतून काढला. कानांच्या गाद्यांवरचं काळं रेग्झिन वाळल्या पापडासारखं सुटत होतं. आपल्याकडच्या दमट हवेत या नकली चामड्याचं दुसरं काय होणार? मी तिथल्या तिथे कापडी गाद्या बसवून दिल्या आणि सांगितलं, की हा रोग मुलाला नाही, हेडसेटला आहे.

बाईंना हायसं वाटलं असेल, असं मला वाटलं. त्या भडकल्याच. "म्हंजे आमी त्या डॉक्टरकडं ह्या उशीला घेऊन गेलो व्हतो?"

*

मालाबद्दल तक्रार करायची तर कंपनीच्या माणसाकडे. तो महिन्या-दोन महिन्यांनी येतो. एकाच मॉडेलचे तुटलेले हेडसेट मी त्याच्यासमोर ओळीने मांडले. सगळे एकाच जागी मोडलेले. खोक्यावर मात्र 'मजबूत आणि आरामदायी'.

त्याने एक उचलून पाहिला. "वॉरंटीत बसत नाही, मॅडम. ग्राहकाने ताणलाय."

"कधी ताणला?"

"डोक्यात घालताना."

"मग घालायचा कशात?"

मी नवीन हेडसेट उघडला, त्याच्या डोक्यावर चढवला आणि मंगेशला चहा आणायला पाठवलं. म्हटलं, चहा पिऊन संपेपर्यंत काढायचा नाही. चहा आला, त्याने अर्धा कप प्यायला आणि हेडसेट काढून ठेवला. दोन्ही कान लालभडक.

"माझं डोकं जरा मोठं आहे," तो कान चोळत म्हणाला.

"महाडात सगळ्यांची डोकी तेवढीच आहेत," मी म्हटलं. ते मॉडेल मी त्या दिवसापासून बंद केलं.

*

एक काका मात्र मला सारखे आठवतात. कारखान्यातून निवृत्त झालेले. मशिनांच्या आवाजाने त्यांचा उजवा कान कायमचा गेलेला. जुनी गाणी ऐकायला त्यांनी हेडसेट घेतला होता, दुसऱ्या दुकानातून. त्यांची तक्रार एकच: "यात बाई गातच नाय."

दुकानदाराने तपासून सांगितलं, हेडसेट ठीक आहे. दुसरीकडे गेले, तिथेही तेच. तिसऱ्याने तर हसून म्हटलं, "काका, कान गेलाय तुमचा."

काकांनी हेडसेट माझ्यासमोर ठेवला. "कान गेला त्ये मना कशाला सांगतात? माझाच हाय, माझ्या म्होरं गेला. ती बाई कुठं गेली, त्ये विचारतोय मी."

मी गाणं लावून ऐकलं. जुनं रेकॉर्डिंग, तबला-पेटी डाव्या बाजूला आणि गाणाऱ्या बाईचा आवाज सगळा उजव्या. काकांच्या मेलेल्या कानात ती बिचारी गात होती. फोनच्या सेटिंगमध्ये एक बटण असतं, दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करणारं. ते दाबलं आणि हेडसेट परत त्यांच्या कानांवर ठेवला.

काकांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "आली."

तीन दुकानांतल्या एकालाही ते बटण शोधावंसं वाटलं नाही, याचा मला आजही राग येतो.

*

आणि ही मावशी. तळीये गावावर डोंगराची दरड कोसळून माणसं गाडली गेली, त्याच डोंगररांगेतल्या एका वाडीतली. मे महिना संपत आला होता. बरोबर मुलगा, मुंबईला नोकरीला. पावसाळाभर गावी राहून लॅपटॉपवर काम करणार, भाताच्या लावणीलाही हात लावणार आणि उरल्या वेळात गेम खेळणार. त्याला एकदम भारी हेडसेट हवा होता.

मीही हौसेने सगळ्यात चांगला काढला. मऊ गाद्या, हलका, सांधे धातूचे. "हा घातला की बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही," मी म्हटलं. मुलगा खूश.

मावशी म्हणाली, "बघू गो." पदर मागे सारून तिने तो स्वतःच्या कानांवर चढवला. मी काहीतरी बोलले. तिला ऐकू गेलं नाही. तिने तो काढला आणि काउंटरवर ठेवला.

"ह्यो नको."

"आई, तुला काय कळतं यातलं?" मुलगा म्हणाला.

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की मला त्याचाच राग आला. मी म्हटलं, "थांब जरा. का नको, मावशी?"

"ह्यो ह्ये घालून बसला नि मागं डोंगर बोलला, तं?"

मुलगा खाली बघायला लागला. मी तो हेडसेट खोक्यात ठेवला आणि कान उघडे ठेवणारा दुसरा काढला, कानात न जाता गालाच्या हाडाला टेकून बसतो तो. मावशीने तो लावला. मी त्यावर मोठ्याने गाणं सुरू केलं.

"जा रं," ती मुलाला म्हणाली, "रस्त्याच्या पल्याड उभा ऱ्हा नि मना हाक मार."

तो गेला. मधून एसटी गेली, दोन रिक्षा गेल्या. भर बाजारात त्याला लाज वाटत असावी. त्याने हळूच हाक मारली, "आई."

मावशीने मान वळवली.

"ह्यो बांध," ती मला म्हणाली.