उन्हाची पाळी

जगातली प्रत्येक सपाट वस्तू सिलिकॉनचा थर चढवण्यासाठीच जन्माला आली आहे, याबद्दल आमच्या भावोजींच्या मनात कधी शंका आली नाही. ताईशी लग्न होण्याआधीपासून ते प्रयोगशाळेत स्वस्त सौरघट बनवण्याच्या मागे आहेत. "सिलिकॉनच्या जाड चकतीचा वरचा पापुद्रा तेवढा ऊन पितो, बाकी नुसती बैठक. मग बैठक महागाची कशाला?" हे ते लग्नाच्या पंगतीतही समजावतात आणि समजावताना शेजाऱ्याचं रिकामं ताट उलटं करून बघतात. माझ्या घराच्या वास्तुशांतीला पाहुणे हॉलचं कौतुक करत होते, तेव्हा हे गुडघे टेकून लादी वाजवत होते. एरवी हा माणूस टेकतच नाही. ताईला चहाचा कप घेऊन त्यांच्या मागे फिरावं लागतं.

त्यांचं दुखणं एकच. भट्टीत सिलिकॉनचा थर आणि त्याखाली बैठक म्हणून घेतलेली साधी लादी सारखी फुगत नाहीत, सारखी आकसत नाहीत, आणि निवताना थराला तडा जातो. तसा तडा गेला की भाजीत मीठ नाही हेही त्यांना कळत नाही. त्यातून प्रयोगशाळेतल्या दिव्यावर त्यांचा विश्वास नाही. तिथे पास झालेली लादी चिंचपोकळीला, त्यांच्या राहत्या चाळीतल्या उन्हात चालली तरच खरी. पंचाईत अशी, की आजूबाजूला टॉवर उठल्यापासून गॅलरीत उन्हाचा एक पट्टाच उरला होता आणि त्यात पापड वाळवायला बायकांनी पाळ्या लावल्या होत्या. भावोजींनीही रीतसर पाळी मागून घेतली, गुरुवारची.

समोरचा नवा टॉवर चढू लागला तशी त्यांची तगमग वाढली. पट्टा रोज बारीक होत होता आणि लाद्या तडकतच होत्या. शेवटी एक धड उतरली, ती नेमकी शेजारच्या परबकाकूंच्या पाळीला. गुरुवारपर्यंत ऊन उरेल याची खात्री नव्हती. भावोजी लादी छातीशी धरून येरझाऱ्या घालत राहिले, पण मागायचा धीर होईना. काकूंनी बघितलं आणि पापडांची चादर ओढून घेतली.

"ठेवा तुमची लादी हय. पापड काय, उद्या पण सुकतले."

तारा जोडल्या. खेळण्यातला पंखा थरथरला आणि फिरला. ऊन सरकेल तशी लादी सरकवत भावोजी गॅलरीभर गेले, मागून मी आणि सगळी चाळ. ऊन कठड्यावरून उतरलं, पंखा थांबला, आणि भावोजी जमिनीवर बसले. त्या दिवशी ताईने त्यांना बसलेल्या जागी चहा दिला.

आता चाळ पडली. तिच्या जागी उठलेल्या टॉवरमध्ये त्यांना वरच्या मजल्यावर घर मिळालंय, दिवसभर ऊन आहे, आणि भावोजी आता त्या लादीहून मोठ्या लादीच्या मागे आहेत. परवा फोनवर म्हणाले, "ऊन वाटेल तेवढं आहे रे. पण दिवसभरात कुणी म्हणत नाही, सरका, माझी पाळी आहे."

गुरुवारी येतो, म्हणालो.