उभे शब्द भियाचे

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर अजूनही पुरता बसलेला नाही. या सदरातले अनुभव मी दुकानात गिऱ्हाइकांना मोठ्याने वाचून दाखवले आहेत आणि हसलोही आहे. आज माझाच लिहितोय... आणि त्यासोबत एक अशी गोष्ट, जी बायकोलाही कधी सांगितली नव्हती.

पांढरकवड्याच्या अलीकडे हायवेवरून आमच्या तांड्याकडे फाटा जातो. त्या फाट्यावर माझं पंक्चरचं दुकान. रोज सकाळी साडेसातला तिथे पेपरचा गठ्ठा उतरतो. पाचच प्रती. चार गिऱ्हाइकांच्या, एक आमची — म्हणजे माझी आणि भियाची. भिया म्हणजे माझा मोठा भाऊ. आश्रमशाळेत मराठी शिकवून रिटायर झाला. अख्खा तांडा त्याला मास्तर म्हणतो, त्याची बायकोसुद्धा. तिला मी भोजाई म्हणतो. घरात आम्ही गोरबोलीत, म्हणजे आमच्या बंजारा भाषेत बोलतो. इथे सगळ्यांना कळावं म्हणून आमचं बोलणं वऱ्हाडीत लिहितो.

पेपरातल्या शब्दकोड्याची आमची वाटणी ठरलेली होती. आडवे शब्द मी दुकानात भरायचे, पेनाने. मग पेपर त्याच्या घरी जायचा आणि उभे तो भरायचा, पेन्सिलने. वीसेक वर्षं हे चाललं. एक शब्द दर दोन-तीन महिन्यांनी हमखास यायचा. कधी 'पहाट (काव्यात)', कधी 'कवीची सकाळ', कधी 'दिवसाचा आरंभ, पद्यात'. उत्तर एकच — प्रभात.

पहिल्यांदा आला तेव्हा मी विचारलं होतं, "असं कोनी बोलते काय, भिया?"

"बोलत नाई, म्हनूनच तं कोड्यात येते."

दोन वर्षांपूर्वी माझ्या पोरीची सोयरीक जुळली. व्याह्यांच्या बैठकीत भिया हसत बोलून गेला, "याच्या डोक्यात मराठी भरता भरता मी थकलो. मंग हा टायरात हवा भराले लागला!" सगळे हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी मी अख्खं कोडं भरलं. आडवे, उभे, दोन्ही. येत नव्हते तिथे वाट्टेल ती अक्षरं कोंबली. एकही चौकोन रिकामा ठेवला नाही आणि तसाच पेपर त्याच्या घरी पाठवला. तीन महिने, रोज. गुडघ्यांमुळे तो घराबाहेर फारसा पडत नव्हता, दिवसभरात हौसेचं एवढंच त्याच्याकडे होतं... हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच केलं. तो एका शब्दाने बोलला नाही.

मग त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, बीपी. ते मलाही पटतं. पण मी आठ महिने अंगणातूनच तब्येत विचारून परत फिरायचो. खोलीत पाय ठेवला नाही. कोडंही सोडून दिलं.

आता ती सकाळ. कापसाची वेचणी जोरात होती, तांडा रिकामा. गठ्ठा आला. सुतळी मी स्वतः ब्लेडने कापली. वरचाच पेपर उघडला — आणि कोड्यातले उभे शब्द सगळे भरलेले! पेन्सिलने. भियाचं अक्षर, तो भ, तो लांबट त. मी बोट फिरवलं, बोट काळं झालं. बाकीच्या चार प्रती उलगडून पाहिल्या. कोऱ्या.

आडव्या शब्दांत उभ्यांची अक्षरं येतील तेवढीच होती. सात नंबरला 'पहाट (काव्यात)', तीन घरं. पहिल्यात 'प्र', पुढची दोन रिकामी.

शटर ओढलं आणि पेपर घेऊन सरळ त्याच्या खोलीत गेलो.

"भिया, मी ते मुद्दाम भरत होतो," मी म्हणालो. "तुले काहीच उरू नये म्हनून. येत नव्हतं तिथं बी काहीबाही लिवलं."

मग डावा हात पुढे करून त्याने पेपर ओढला आणि सात नंबरवर बोट ठेवलं. मी संकेत वाचून दाखवला.

"प्र..." तो म्हणाला. आठ महिन्यांत त्याच्या तोंडून नुसते हुंकार निघाले होते. "प्रभा..." पुढचं येईना. डाव्या हाताने त्याने खाटेवर थाप मारली, दोनदा, तीनदा. "...त!"

मी लहान पोरासारखा रडलो.

दुपारी भोजाई वेचणीवरून आली. तो शब्द त्याने तिच्यासमोर पुन्हा म्हणून दाखवला. तिने डोळ्यांना पदर लावला, मग पेपर पाहिला.

"हे तूच लिवलं असशीन."

"तुह्या पायाची आन, भोजाई!"

"मास्तरनं तं आठ महिने पेन्सिल हातात धरली नाई." ती उठली. मग आत जाऊन जुन्या पेपरांचा एक गठ्ठा घेऊन आली. "आता आलाच आहेस तं हे बी पाय."

माझे ते तीन महिने. प्रत्येक कोडं लाल पेनाने तपासलेलं. चुकलेल्या शब्दांवर काट, बाजूला बरोबर शब्द, खाली मार्क. पहिल्या दिवशी तीसपैकी अकरा. शेवटच्या पेपरवर बावीस, आणि शेरा — 'प्रगती आहे.'

"मी म्हनत होती, त्याले बोला एकदा," भोजाई म्हणाली. "तं मास्तर म्हने, लहाना अभ्यास करून राह्यला, टोकू नको."

मी भियाकडे वळलो. "तुले खरंच तसं वाटलं, का समजून उमजून...?"

चालतं तेवढं अर्धं तोंड हसलं.

डॉक्टर म्हणतात, वाचा अशी कधी कधी परत येते, त्यात नवल नाही. मान्य. पण बांधलेल्या गठ्ठ्यातल्या पेपरवर ती पेन्सिल कोणी चालवली? एजंटला विचारलं, गाडीवाल्याला विचारलं. ते माझ्याकडे कसे पाहत होते ते सांगत नाही. तो पेपर जपून ठेवलाय, येईल त्याला दाखवतो. आजवर कोणाला उलगडा झालेला नाही, मलाही नाही.

भियाच्या तोंडी आता पंधरा-वीस शब्द आहेत. रोज नऊला मी अर्धा तास दुकान बंद ठेवतो. डाव्या हाताने तो वेडेवाकडे उभे शब्द भरतो. काल त्याने माझ्या एका आडव्या शब्दावर बोट आपटलं आणि "चूक!" म्हणून ओरडला. मी चुकलो नव्हतो. तरी खोडला.