नदीपलीकडची तुती

शबानाचा फोन आला तेव्हा मी वॉर्डात एका पेशंटचं सलाईन बदलत होते. ती आमच्याच हॉस्पिटलच्या आयसीयूत नर्स आहे. "ताई, काका गेले हो," एवढंच म्हणाली. मी सलाईन लावलं, थेंब नीट पडतायत ना ते बघितलं आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. त्याला आता दीड महिना होत आला.

काका म्हणजे स्टाव्रोस, कुवेत शहरातल्या मिरकाब भागात आमच्या समोरच्या फ्लॅटमधले ग्रीक म्हातारे. जहाजांची इंजिनं दुरुस्त करायला तरुणपणी कुवेतला आले ते इथलेच झाले. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. इंग्रजी माझ्यासारखंच मोडकंतोडकं, म्हणून आमचं छान जमलं. मी येवल्याची, माझे वडील पैठणी विणायचे, हे कळल्यावर ते खुर्चीतून उठलेच. त्यांचं गाव सूफ्ली, ग्रीसच्या पार टोकाला, तुर्कस्तानच्या सीमेवर. तेही रेशमाचंच. घरातल्या मोठ्या खोल्या रेशीमकिड्यांना आणि माणसं कोपऱ्यात, अशी तिथली तऱ्हा. किडे तुतीचा पाला खायला लागले की घरभर आवाज भरून राहायचा म्हणे... मी माझी पैठणी दाखवली, तर त्यांनी आधी हात धुतले, पुसले आणि मगच पदराला बोट लावलं.

गावाचं दुखणं मात्र त्यांनी एकदाच सांगितलं. गाव नदीच्या अलीकडे आणि त्याच्या तुतीच्या बागा बऱ्याचशा पलीकडे. पूर्वी त्याचं कुणाला काही वाटत नसे. मग लढाया झाल्या आणि नदीचीच सरहद्द झाली. घरं नि किडे एका देशात, पाला दुसऱ्यात.

"आजी दर वसंतात काठावर जायची. आमच्या झाडांना पालवी फुटलेली तिला तिथून दिसायची."

"मग काय करायची?"

"काय करणार? बघायची आणि घरी यायची."

काकांनी गॅलरीतल्या कुंडीत तुती लावली होती. कुवेतच्या उन्हात! दर उन्हाळ्यात ती करपायची आणि हे तिला कॉफीचा गाळ घालत बसायचे. "किडे कधी आणताय?" म्हणून मी चिडवायचे.

या हिवाळ्यात हृदयानं दगा दिला, तेव्हा त्यांना एकच हवं होतं, गावी जाऊन मरायचं. जर्मनीतल्या भाच्यानं तिकीटही काढलं. पण डॉक्टर विमानप्रवासाला परवानगी देईनात. "सिस्टर, तू सांग ना त्यांना," काका माझा हात धरून म्हणायचे. मी काय सांगणार? डॉक्टरांचं बरोबर होतं, रिपोर्ट मीही वाचला होता. इतकी वर्षं नर्स आहे, पण माझ्या हातात उरलं होतं ते त्यांची उशी सारखी करणं. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

भाचा आला. गावी आता आपलं कुणी उरलं नाही, म्हणाला, आणि काकांना इथेच वाळूत पुरलं. शेजारणीनं मध्ये काय बोलायचं?

फ्लॅट रिकामा करताना ती कुंडी मी मागून घेतली. परवा तिला पालवी फुटली... चांगली हिरवीगार. रोज ड्युटीला निघण्याआधी मी गॅलरीत जाऊन उभी राहते. बघते आणि आत येते.