पान दोनशे सतराचा समास

"ठिवा ते ब्लेड. ठिवा म्हणते ना खाली."

हा आवाज आमच्या ग्रंथपाल घुगे मॅडमचा. हिंगोलीच्या कॉलेजात त्या ओरडल्या की नरसी नामदेवला देवळावरची कबुतरं उडतात, असा. वाचनकक्षातली दोन पोरं मोबाइलसकट बाकाखाली गेली. मी हात वर केले... एका हातात अर्धं ब्लेड, दुसऱ्यात भारत-नेपाळ संबंधांवरचा विटेएवढा इंग्रजी ग्रंथ.

"काहून फाडून राहिले वो पुस्तक? सर ना तुमी?"

"फाडत नाही मॅडम. पानं जोडलेली आहेत, तेवढी उघडतोय."

पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट. आमच्या सेनगावकडच्या गोरेगावात प्रत्येक चिंचेला एकेक भूत वाटून दिलेलं आहे, आणि त्यातल्या प्रत्येक चिंचेखाली मी अमावस्येला डबा खाल्लाय. एकदा तर शिल्लक भाजी तिथंच ठेवून आलो, कुणी असेल तर खाईल म्हणून. तेव्हा मला असलं काही दिसतं-बिसतं असं समजू नका. वेळही सकाळी साडेअकराची, दिवस मंगळवार, डोक्यावर चार ट्यूबलाइट.

मी तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवतो. म्हणजे तास झाला तर मी प्राध्यापक, सुट्टी लागली की मी गोरेगावचा रिकामा माणूस. पीएच.डी. झाली तरच कायम होण्याची आशा. विषय, भारताचे नेपाळशी संबंध. माझे गाइड पतंगे सर वसमतला असतात. त्यांनी तिसरं प्रकरण दोनदा परत केलं होतं आणि या खेपेला स्पष्ट सांगितलं होतं, की आता चुकलं तर मुदतवाढीच्या अर्जावर सही मिळणार नाही. सही नाही तर नोंदणी रद्द. सहा वर्षं पाण्यात.

अडलं होतं एका वाक्यावर. 'हिमालय ही भिंत नाही, दोन घरांमधली ओसरी आहे.' एका जुन्या राजदूताचं म्हणून मी ते प्रकरणात घातलं होतं, खाली तळटीप, ग्रंथाचं नाव, पान दोनशे सतरा. सर म्हणाले, "वाक्य लई चांगलं हाय. पान दाखवा."

आता तुमच्यापासून काय लपवायचं... ते वाक्य राजदूताचं नव्हतंच. माझं होतं. सेनगावच्या जीपमध्ये, मांडीवर दुसऱ्याचं लेकरू आणि पायाशी तिसऱ्याची कोंबडी असताना सुचलेलं. ग्रंथाचं नाव कॉलेजच्या यादीतून उचललं. एवढं जाड पुस्तक, दोनशे सतरावं पान तर असेलच, असा हिशेब. बायकोलासुद्धा बोललो नव्हतो. तर त्या मंगळवारी मी कशाला गेलो होतो? त्या पानाच्या आसपास ओसरीसारखं, अंगणासारखं, निदान उंबरठ्यासारखं काहीतरी सापडतंय का, ते बघायला.

ग्रंथावर इतकी धूळ की हरभरा पेरला असता तर त्याला घाटे लागले असते. मागच्या पुठ्ठ्याच्या खिशातलं कार्ड कोरं. आजवर कुणीही नेलेला नाही. आणि नेमकी दोनशे सोळा-सतराची जोडी छापखान्यात कापायची राहून गेलेली. वरून बंद, बाजूनं बंद. खालून फट होती, पण तिच्यातून मुंगी गेली असती, पेन्सिल धरलेला हात नाही.

मॅडमनी चष्मा लावून पानं तपासली. "व्हय, जोडलेलीच हायेत," त्या म्हणाल्या. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण नंतर त्या ठेवणार नाहीत. मग ब्लेड जप्त करून त्यांनी आपली स्टीलची पट्टी घेतली आणि स्वतःच्या हातानं, ज्वारीच्या पापडासारखं जपून, पान उघडलं.

समासात पेन्सिलीनं, मराठीत लिहिलेलं होतं –

'ते वाक्य इथे नाही.'

पुस्तक इंग्रजी, पान बंद, वाक्य माझ्या डोक्यातलं. अक्षर माझं नव्हे, माझं अक्षर मला स्वतःला लागत नाही. हे स्वच्छ, बालभारतीच्या पुस्तकासारखं.

"मॅडम... हे बघताय ना तुम्ही?"

"बघून राहिले ना. पुस्तकात लिवलं तुमी."

"मी? अहो, आत्ता तुम्हीच उघडलं."

"उघडलं म्यां. हातात कुणाच्या होतं? ज्याच्या हातात खूण सापडंल, त्यानं खोडायची. वीस वर्सांचा नियम हाय."

मी पाया पडायचाच बाकी राहिलो. म्हटलं, एवढं लिहून द्या, की पानं बंद होती. त्या म्हणाल्या, म्यां पट्टी फिरवली, वाचत न्हाई बसले. शेवटी आधी झेरॉक्स काढायची परवानगी मिळाली, ती पण 'सर' म्हणून. मग एम.ए. नेट झालेला हा माणूस, सगळ्या पोरांदेखत, खोडरबरानं आपला एकमेव पुरावा घासत बसला. मॅडम शेजारी उभ्या. "कोपऱ्यात राहिलं बघा अजून."

आता झेरॉक्सवर कोण विश्वास ठेवणार? आणि आमच्या स्टाफरूममध्ये माझी ख्याती अशी, की मी पाऊस आला म्हटलं तरी दोघं खिडकीपर्यंत जाऊन येतात. आयुष्यात एकदाच शंभर टक्के खरं सांगायची वेळ आली, तर हे असं. त्यानंतर मी तो ग्रंथ पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळला. दुसरी रेघ नाही, टिंब नाही. कुणी लिहिलं, कधी, कसं... आजतागायत मला उत्तर मिळालेलं नाही.

शुक्रवारी वसमतला गेलो. पतंगे सरांना सगळं सांगितलं. जीप, लेकरू, कोंबडी, बंद पान, पट्टी, खोडरबर. कशालाही तिखटमीठ लावलं नाही, शपथेवर. सरांनी झेरॉक्स चष्म्याजवळ नेली. पान वरपासून खालपर्यंत वाचलं. मग समास वाचला.

"बराबर लिवलंय," सर म्हणाले. "न्हाई इथं. काढा ते वाक्य, मग सही करतो."